अलॉय चाकाची कड जपा

आता कित्येकांच्या अंगणात अलॉय चाकांची मोटार उभी असते. हे चाक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. लोखंडी चाक मार बसला तर बहुधा वाकते. हे तडकूही शकते. ट्यूबलेस टायरची हवा चाकाच्या कडेशीच अडते. तिथे खोल चरा पडला की हवा हळूहळू गळते आणि भर रस्त्यात जिवावर बेतते.

म्हणून टायर बदलताना स्वतः समोर उभे राहा. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सारी हवा सोडवा. टायरच्या कडेला साबणाचे पाणी लावा. ऑइल-ग्रीस नको, रबर खराब होते. टॉमीखाली प्लॅस्टिकची पट्टी हवीच. हातोडा चालवू देऊ नका. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. 100 किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा.