बंदर ठप्प होतं, तेव्हा शाळेने काय शिकावं?



सायबर सुरक्षेचं धोरण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा मंत्रालयातल्या साहेबांचा विषय. पण आपल्याच रायगड जिल्ह्यातलं, उरण तालुक्यातलं न्हावा शेवा बंदर आठवा. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' हा संगणकीय व्हायरस जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पडले आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा शेव्यातलं एक टर्मिनल ठप्प झालं. भांडण कुठलं आणि कंटेनर अडकले आपल्या दारात!

यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. या व्हायरसने वापरलेली विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. तरीही दुरुस्त केलेल्या संगणकांत तो चोरलेल्या पासवर्डने शिरला. म्हणजे एकच कुलूप पुरत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मर्स्कचं जाळं पुन्हा उभं करायला लागणाऱ्या महत्त्वाच्या माहितीची एकच प्रत वाचली, ती घाना देशात. का? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो संगणक जाळ्यापासून तुटला होता! एवढी मोठी कंपनी नशिबाने सावरली.

आता शाळेकडे बघू. मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांची बँक खाती हे सगळं आपण यू-डायस प्लस, सरलसारख्या पोर्टलवर भरतो. वरून घाईत माहिती मागवली जाते आणि एक्सेल फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. कित्येक ठिकाणी पासवर्ड कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, हे तत्त्व त्यात आहे. पण कायदा कागदावर असून भागत नाही, तो शाळेच्या ऑफिसपर्यंत पोचला पाहिजे.

उद्या कोणतं तंत्रज्ञान येईल, हे कुणीच सांगू शकत नाही. आज मुलाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून पालकांना फोन करता येतो. मग धोरण आखायचं कशाच्या भरवशावर? ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आपण थांबवू शकलो नाही. पण होड्या किनाऱ्याला आणल्या, किनाऱ्यावरच्या लोकांना सुरक्षित जागी हलवलं. सायबर धोरणही असंच हवं. हल्ला होणारच असं धरून, सावरायची तयारी आधी करणारं.

माझ्या मते त्यात एवढं तरी असावं. प्रत्येक केंद्रात या कामासाठी एक प्रशिक्षित माणूस, आणि तो शिकवणाऱ्या शिक्षकाच्या डोक्यावरचा जादा बोजा नसावा. मुलांची माहिती व्हॉट्सॲपवर मागवायला स्पष्ट बंदी. माहितीची एक प्रत इंटरनेटला न जोडलेल्या पेनड्राइव्हवर, पासवर्ड लावून, कुलूपबंद. आणि जनरल रजिस्टर कायम हाताने लिहिलेलं.

पालकहो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत एक प्रश्न जरूर विचारा, "आमच्या मुलांची माहिती कुणाकुणाकडे आहे?" आणि पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.