वाटणीत न बसणारा जीव

संसार मोडतो तेव्हा वाटणी होते. भांडीकुंडी, दागिने, बँकेतील ठेवी, घराचे राहिलेले हप्ते यांची यादी केली जाते. मुले असतील तर त्यांच्या ताब्याविषयी कडवटपणाने का होईना, पण कायद्याने आखून दिलेल्या चौकटीत वाद होतो. या यादीत कोठेच न बसणारा एक जीव मात्र दाराशी बसून दोघांच्याही तोंडाकडे पाहत असतो. ज्या कुत्र्याला वा मांजराला दोघांनी मिळून वाढविले, ते विभक्त झाल्यावर कोणाकडे राहावयाचे?

हा प्रश्न ऐकून पुष्कळांना हसू येईल. ज्या देशात पोटगीच्या चार पैशांसाठी स्त्रियांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, तेथे कुत्र्यामांजरांच्या ताब्याची चर्चा म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, असा आक्षेपही घेतला जाईल. या आक्षेपात मुळीच तथ्य नाही असे नाही. परंतु पाळीव प्राणी आता बंगलेवाल्यांपुरते राहिलेले नाहीत. एकत्र कुटुंबे विरली, घरातली माणसे कमी झाली आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही एखाद्या मुक्या जीवाने घरच्या माणसाची जागा घेतली. हा बदल न्यायालयाच्या दारापर्यंतही पोहोचला आहे. 2023 साली मुंबईत वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयाने कौटुंबिक हिंसाचाराच्या एका प्रकरणात पत्नीला अंतरिम निर्वाहखर्च मंजूर केला. तिच्याकडील तीन कुत्र्यांचा खर्च हिशेबात धरू नये, हे पतीचे म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. तुटलेल्या नात्यांमुळे माणसाच्या मनात जी पोकळी निर्माण होते ती असे प्राणी भरून काढतात, हे त्या आदेशात मान्य करण्यात आले.

तो प्रश्न खर्चाचा होता. ताब्याच्या प्रश्नावर आपला कायदा जवळजवळ मुका आहे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 26 व्या कलमात मुलांच्या ताब्याचा विचार आहे. 27 व्या कलमात लग्नप्रसंगी मिळालेल्या व उभयतांच्या मालकीच्या वस्तूंचा विचार आहे. लग्नानंतर पाच वर्षांनी घरी आणलेले पिल्लू यांपैकी कशातच बसत नाही. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानुसार पतिपत्नींच्या मालमत्तेचा वाद त्या न्यायालयापुढे नेता येतो खरा. पण मग तो जीव तेथे स्कूटर किंवा शिलाईयंत्र यांच्या पंगतीला बसून जंगम मालमत्ता म्हणूनच उभा राहतो. मालमत्तेबाबत कायदा पहिला प्रश्न विचारतो तो मालकीचा. पैसे कोणी दिले? पावती कोणाच्या नावे आहे? महापालिकेचा परवाना कोणी काढला?

येथेच अन्यायाचे मूळ आहे. पावती फाडतो तो सामान्यतः ज्याच्या हाती पैसा असतो तो. पहाटे उठून कुत्र्याला फिरवून आणणारी, लस टोचून घेण्यासाठी दवाखान्यात रांगेत उभी राहणारी आणि त्याच्या आजारपणात रात्र जागून काढणारी व्यक्ती कोणत्याही कागदावर नसते. आपल्याकडे बहुतेक घरांत ही व्यक्ती गृहिणी असते, हे सांगावयास नको. तिचे घरातील श्रम संसाराच्या हिशेबात जसे धरले जात नाहीत, तसेच ते याही हिशेबात धरले जात नाहीत. शिवाय जेथे हिंसा आहे तेथे हा मुका जीव ओलीस ठरतो. ‘तू गेलीस तर याचे काय करतो ते पाहा’ ही धमकी ज्याने ऐकली असेल, त्याला हा प्रश्न चोचल्यांचा वाटणार नाही.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. अमेरिकेत अलास्का राज्याने आपल्या घटस्फोटाच्या कायद्यात केलेली दुरुस्ती 2017 साली अमलात आली आणि प्राण्याचे हित पाहणे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. पुढे इलिनॉय, कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क ही राज्ये त्याच वाटेने गेली. स्पेनमध्ये 2021 साली संमत होऊन 2022 च्या जानेवारीत अमलात आलेल्या कायद्याने प्राण्यांना संवेदनशील जीव मानले. विभक्त होणाऱ्यांच्या घरातील प्राण्याची व्यवस्था लावताना कुटुंबियांच्या हिताबरोबर त्याचेही हित पाहावे, असे तेथे ठरले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा 2024 साली अमलात आलेला कायदा अधिक व्यवहारी आहे. प्राण्याची देखभाल कोणी केली, पुढे ती कोण करू शकेल, घरातील मुलाचा त्याच्यावर किती जीव आहे, कुटुंबात हिंसा घडली होती काय, प्राण्याला छळण्याची धमकी कोणी दिली होती काय, या गोष्टी तेथील न्यायाधीशाने पाहावयाच्या असतात. मात्र प्राणी दोघांच्या सामाईक ताब्यात ठेवण्याचा आदेश त्याला देता येत नाही.

ही शेवटची मर्यादा विशेष शहाणपणाची आहे. प्राण्यांना मुलांचा कायदा सरसकट लावावा, असे कोणीही विचारी माणूस म्हणणार नाही. मुलाला आई व बाप दोघेही हवे असतात, म्हणून भेटीगाठींची गुंतागुंत समाज सोसतो. कुत्र्यासाठी आठवड्याचे वार वाटून देणे आणि तेवढ्यासाठी दुरावलेल्या दोन माणसांना आयुष्यभर एकमेकांच्या दाराशी उभे करणे, यात प्राण्याचेही हित नाही व माणसांचेही नाही. न्यायालयाने एकदा निर्णय द्यावा आणि तो पाहण्यासारख्या, सिद्ध करता येण्यासारख्या गोष्टींवर द्यावा, एवढीच अपेक्षा आहे. न्यायालयांवरील भार याने वाढेल ही भीतीही अनाठायी वाटते. निकष स्पष्ट असले की वाद लांबत नाहीत. निकष नसले की ते चिघळतात.

प्राण्यांविषयी कर्तव्याची कल्पना आपल्या कायद्याला नवीन नाही. सजीवांविषयी अनुकंपा बाळगणे हे संविधानाच्या 51 अ कलमात नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत, असे बैलांच्या शर्यतींविषयीच्या 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मानले नाही, हे खरे. परंतु प्रस्तुत प्रश्न प्राण्याच्या हक्काचा नसून माणसाच्या कर्तव्याचा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी टाकली आहे. भुकेने वा तहानेने त्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा ठरविला आहे. दोघांनाही प्राणी हवा असतो तेव्हा निदान भांडण तरी होते. दोघांनाही तो नको असतो, नव्या भाड्याच्या घराचा मालक त्याला आत घेत नाही, तेव्हा गावाबाहेरच्या रस्त्यावर मोटारीचे दार उघडून त्याला खाली उतरविले जाते आणि कोणत्याही न्यायालयात त्याची नोंद होत नाही.

म्हणून करावयाच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. परस्परसंमतीने घटस्फोट घेणाऱ्यांनी आपल्या संमतिपत्रात प्राण्याविषयी एक परिच्छेद अवश्य घालावा. तो कोणाकडे राहील, औषधपाण्याचा खर्च कोण करील, परवाना कोणाच्या नावे होईल, हे त्यात असावे. कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक असतात. त्यांनी पहिल्याच बैठकीत ‘घरात पाळीव प्राणी आहे काय?’ असे विचारावे. आणि संसदेने कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यात एखादे छोटे कलम घालून मालकीच्या पावतीबरोबर देखभालीचा पुरावाही ग्राह्य व निर्णायक ठरवावा.

बाणाने जखमी झालेल्या हंसावरून सिद्धार्थ व देवदत्त यांच्यात झालेला वाद आपण शाळेत मुलांना शिकवितो. बाण आपला म्हणून हंस आपला, असे देवदत्ताचे म्हणणे होते. हंस मिळाला तो त्याला वाचविणाऱ्या सिद्धार्थाला. वर्गात तो निवाडा आपण एकमुखाने मान्य करतो. पावती आपली म्हणून प्राणी आपला, असे म्हणणाऱ्यालाही न्यायालयात तेच उत्तर मिळावयास हवे.