खुर्ची दिली, पण वाट कुठे आहे?

भगिनींनो, गेल्या पर्युषणातली गोष्ट. माझी धाकटी जाऊ लहानपणीच्या पोलिओने उजव्या पायाने अधू आहे. भेस्तानच्या घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवते, स्वतःचे पैसे स्वतः कमावते. प्रवचनाला यायची तिला फार हौस. पण हॉलला चार पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. व्यवस्था पाहणाऱ्यांना सांगितलं, तर म्हणाले, "त्यांना कशाला त्रास? सामायिक घरीच करू द्या ना!" मागून एक बाई पुटपुटल्या, "पूर्वकर्म, दुसरं काय!"

त्याच हॉलच्या दारात महिन्यापूर्वी व्हीलचेअर वाटल्या होत्या. हार झाले, फोटो झाले. खुर्च्या मिळालेली माणसं मात्र पायऱ्यांखालच्या मांडवातूनच परत गेली. आत कोणी नेलंच नाही.

मला राग येतो तो याचा. कर्मसिद्धांत स्वतःच्या आत्म्याकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. तिचं कर्म तिचं असेल, पण पायऱ्या तर आपण बांधल्या!

दानाला मी नावं ठेवत नाही. 1975 साली जयपूरला सुरू झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लाखो लोकांना फुकट पाय दिले. पण तो जयपूर फूट लोकांना का रुचला? मांडी घालून, उकिडवं बसता येईल, अनवाणी चालता येईल, चिखलातही उतरता येईल असा तो घडवला म्हणून. आधी माणसाचं जगणं पाहिलं, मग पाय केला. आपण आधी फोटो काढतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचा. सोळाव्या वर्षी त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. त्यांना उभारी दिली ती चाकाच्या खुर्चीवरूनच उमेदीने जगणाऱ्या बाबूकाका दिवाण यांनी. पुढे 1984 मध्ये नसीमाताईंनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली आणि शेकडो मुलांना शाळा, वसतिगृह, काम दिलं. आधार असा पुढे जातो. ज्याला मिळाला, तोच दुसऱ्याला देतो. आपल्या जैन प्रतीकाखालचं सूत्र तरी दुसरं काय सांगतं? जीवांनी एकमेकांना उपकारक व्हायचं. एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने कायम हात पसरायचे, असं नाही.

आणि हा केवळ दयेचा प्रश्नही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायला सांगितलं आहे. त्यात खाजगी आणि धार्मिक कार्याच्या इमारतीही येतात.

खर्च फार होईल म्हणता? एक इंच उंचीला बारा इंच उतार लागतो. आपल्या चार पायऱ्यांची उंची 24 इंच, म्हणजे 24 फूट उतार आणि दोन्ही बाजूंना कठडा. एका वर्षीच्या स्वामीवात्सल्यात एक मिठाई कमी केली, तरी सुरुवात होईल.

जावेला विचारलं, तुला काय हवं? म्हणाली, "वहिनी, मला उचलून आत नेऊ नका. मला माझी मी येऊ द्या. आणि माझ्यासारख्या चौघीजणी भेटू द्या."

पुढच्या पर्युषणाआधी एवढं करूया. उतार बांधूया, महिन्यातून एक दुपार अशा भगिनींना हॉल देऊया आणि आपल्या महिला मंडळाच्या कमिटीत त्यांच्यातली एक तरी घेऊया. तेव्हा ती मागच्या रांगेत नको, निर्णय होतात तिथे बसलेली हवी.