अडचण यंत्राची नव्हे!

नरकचतुर्दशीला पहाटे पायाखाली कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ घरी आहे. हा लेख म्हणजे ते कारीट, असे वाचकांनी समजावे. फराळ त्यानंतर अधिक गोड लागेल.

"काय करणार मास्तर, नेट नव्हते." "फोन बिघडला होता." "पासवर्डच विसरलो." मित्राची खुशाली न विचारणाऱ्यास आजकाल एवढे बोलले की मोकळे होता येते. पूर्वी हे खापर बिचाऱ्या पोस्टमनच्या माथी फुटे, आता ते यंत्राच्या माथी फुटते. या सबबीवर माझा मुळीच विश्वास नाही, आणि का नाही ते सांगतो.

मी जळगावचा एक चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. मात्र दोनचार कादंबऱ्या लिहिण्याचा अपराध हातून घडला आहे. माझा बालमित्र धुळ्यास स्थायिक झाला. एरंडोल-पारोळ्यावरून एस.टी.ने गेले तर धुळे काही परदेश नव्हे. पण संसार आणि शाळा यांतून सवड मिळेना, म्हणून आमची मैत्री पत्रांवर जगली. २००४ साली त्याने एक जुना संगणक घेतला आणि कार्डांच्या जागी टंकलेली पत्रे येऊ लागली.

त्या यंत्राने आम्हांला छळले म्हणजे किती! वीज गेली की पत्र गडप. त्याच्या फाँटातली मराठी माझ्या पडद्यावर रोमन अक्षरे, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्हे यांची खिचडी होऊन उतरे. कारण असे की, त्या काळी ज्याने त्याने आपापल्या फाँटात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार मनास येईल तसे बसविले होते. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक दिले (आपल्या 'क'चा क्रमांक २३२५), पण ती व्यवस्था आमच्या यंत्रांपर्यंत पोचली नव्हती. मग त्याचा फोन येई, "अरे, फाँट पाठवलाय, आधी तो भर आणि मग पत्र वाच!" आम्ही भांडत होतो, हसत होतो, पण लिहीत होतो. कापसाचा भाव, मुलीचा पहिला दात, माझ्या कादंबरीतले दोष, सारे त्या पत्रांत असे.

पुढे दोघांकडेही नवे फोन आले. मराठी सरळ उमटू लागली. सगळ्या अडचणी संपल्या!

गेल्या वर्षी तो वारला. त्याची मुलगी माझ्याकडे आली. "काका, बाबांची पत्रं तुमच्याकडे असतील ना?" मी जुनी तबकडी काढली. माझ्या एका विद्यार्थ्याने ती खिचडी युनिकोडात उतरविली. काही वेलांट्या शेजारच्या अक्षराला चिकटल्या, काही रफार भरकटले; पण माझा मित्र अखंड बाहेर आला. मुलगी वाचता वाचता हसली, रडली, आणि तिने विचारले, "आणि नंतरची?"

मी फोन उघडून तिच्यापुढे धरला. दहा वर्षांचे सूर्योदय, गुलाब आणि पणत्या. प्रत्येकाखाली माझे जोडलेले दोन हात. त्याची स्वतःची एक ओळ नाही, माझीही नाही. त्याचे दुखणे केव्हा सुरू झाले, हे मला ठाऊक नव्हते. त्याने सांगितले नाही. मी विचारले नाही. आणि या दहा वर्षांत यंत्र एकदाही बिघडले नव्हते!

कोणी म्हणेल, "निदान आठवण तरी राहते." महाशय, मी मास्तर आहे. वर्गात 'हजर' म्हणणे निराळे आणि अभ्यास करणे निराळे. दुसऱ्याने रचलेली शुभेच्छा तिसऱ्याकडे ढकलणे ही निव्वळ हजेरी होय.

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी पत्रे जमविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे बावीस खंड सिद्ध झाले. त्यांच्या निधनानंतर १९२७ साली हे मंडळ निघाले. उद्या एखादा राजवाडे आमच्या फोनांची दप्तरे सोडून बसला, तर त्याच्या हाती काय लागेल? एकच गुलाब, दहा हजार वेळा! आणि जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांच्या ओठी आलेला शब्द त्यांचा स्वतःचा होता. इतरांनी तो टिपून ठेवला म्हणून १९५२ साली आपल्याला त्यांची गाणी पुस्तकरूपाने मिळाली. अक्षरशत्रू कोणास म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

मी यंत्राचा वैरी नाही. त्याच्याशी बोलले तरी ते आता मराठीत लिहून देते. मग सबब उरली कोणती? या दिवाळीत पणतीचे चित्र कोणास पाठवू नका. एकाच मित्राला, पण स्वतःच्या शब्दांत, चार ओळी लिहा: "तुझी तब्येत कशी आहे?" आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारा.

मला हे विचारावयाचे राहून गेले.