दहा मिनिटांचं काम

परवा मावसबहिणीला फोन केला. ती डिजिटल आर्टिस्ट. म्हणजे टॅब्लेटवर चित्रं काढते आणि ऑनलाइन विकते. म्हटलं, "अगं, वास्तुशांतीसाठी एक छानसं कार्ड करून दे ना. तुला काय, दहा मिनिटांचं काम!"

पलीकडे शांतता. मग म्हणाली, "दादा, कोणी तुला म्हणालं की एक छोटीशी वेबसाइट करून दे, दहा मिनिटांचं काम, तर?"

च्यायला! ही कुरकुर तर माझीच. किती नातेवाइकांच्या नावाने केलीये...

मग तिने हिशोबच मांडला. फाइव्हरवर ५० डॉलरची ऑर्डर आली की २० टक्के फाइव्हरचे. हातात ४०. बँकेत पोचेपर्यंत त्यालाही थोडी कात्री. म्हणजे फार तर साडेतीन हजार रुपये. चित्राला लागले दोन दिवस, वर गिऱ्हाइकाने तीनदा बदल सांगितले. फोटोशॉपचं भाडं दर महिन्याला, ऑर्डर येवो न येवो. इन्स्टाग्रामवर कमिशन नाही हे खरं, पण तिथे चित्रापेक्षा चित्र काढतानाचं रील करण्यातच जास्त वेळ जातो म्हणे.

मी शहाणपणा करत बीपलचं नाव घेतलं. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात त्याचं डिजिटल कोलाज ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेलं होतं ना! ती हसली. तो बाबा २००७ पासून रोज एक चित्र काढून नेटवर टाकत होता आणि पोटासाठी ग्राफिक डिझाइनची कामं करत होता, हे कोणी सांगत नाही. आणि ज्या एनएफटीच्या लाटेवर ते विकलं गेलं ती २०२२ मध्ये ओसरलीसुद्धा.

त्याच वर्षी चित्रं काढणारे एआय आले. मी एआयच्या विरोधात नाही, ऑफिसात रोज वापरतो. पण आपण कोड ओपन सोर्स करतो तेव्हा लायसन्स आपण निवडतो. (ते कोणी पाळत नाही ही गोष्ट वेगळी.) चित्रकारांना विचारलं कोणी? नेटवरची चित्रं उचलली आणि मशीनला शिकवली. डिसेंबर २०२२ मध्ये कलाकारांनी आर्टस्टेशनची पानं निषेधाच्या चित्रांनी भरून टाकली, ती याच रागातून.

मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी चॅटजीपीटीतून घिबली छाप फोटो काढले. मीही काढला, डीपी म्हणून लावला. ती म्हणाली, "त्याच आठवड्यात माझ्या पोर्ट्रेटच्या दोन ऑर्डरी रद्द झाल्या." मी विषय बदलला.

असो. कार्ड तिनेच केलं, झकास केलं. बिल मागितलं तर आधी "राहू दे रे" म्हणाली, मग पाठवलं. दोन रिव्हिजन धरून ४,५०० रुपये. खाली एक ओळ होती : भावाचा डिस्काउंट - ०.

पैसे लगेच पाठवले. डीपी रात्री बदलला.