गन जप्त झाली, कपॅसिटर चार्जच आहे

गेल्या महिन्यात एका होस्टेलच्या नोटीस बोर्डावर कागद लागला. इंडक्शन, किटली, पाणी तापवायचा रॉड या जुन्या यादीत एका नव्या नावाची भर पडली होती, सोल्डरिंग गन. रूम चेकिंगमध्ये सापडली तर जप्त, वर दंड. कारण सगळ्या मजल्यांना माहीत होतं. आदल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास एका रूममध्ये 'फट्' आवाज झाला, उग्र वासाचा पांढरा धूर निघाला आणि वॉर्डन सर चपला न घालताच धावत आले. कोणाला काही झालं नाही. ती रूम माझ्या मित्राची, आणि जे फुटलं ते विकत घ्यायला मी स्वतः त्याच्यासोबत पुण्यात अर्धा दिवस फिरले होते. त्यामुळे हा लेख तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

तो बनवत होता ट्यूब कॉम्प्रेसर. आम्हा मास कॉमवाल्यांना साउंडच्या पेपरला कॉम्प्रेसर भेटतो. बोलणारा मध्येच ओरडला की फेडर खाली ओढायचा, कुजबुजला की पुन्हा वर न्यायचा, हे काम आपल्या बोटांपेक्षा झटपट करणारं यंत्र. लॅबमध्ये ते प्लगइनच्या रूपात असतं, एक चित्र आणि दोन नॉब. पण ते चित्र ज्या डब्याचं आहे तो डबा खरंच होता. 1960च्या दशकात अमेरिकेत टेलेट्रॉनिक्सच्या जिम लॉरेन्सने एलए-2ए बनवला. त्यात आवाज एका चमकणाऱ्या पट्टीला उजेड देतो, तो उजेड समोरच्या फोटोरेझिस्टरवर पडतो आणि रेझिस्टन्स बदलला की आवाज दबतो. उजेड गेला तरी फोटोरेझिस्टर लगेच पूर्वपदावर येत नाही. अर्धा आवाज पटकन परत येतो, उरलेला सावकाश, कधी काही सेकंद घेत. गाणाऱ्याचा आवाज त्यातून इतका सहज वाटतो तो या आळशीपणामुळे. आणि हा फोटोरेझिस्टर म्हणजे कोण? आपला एलडीआर! अंधार पडला की दिवा लागतो, त्या डिप्लोमाच्या प्रोजेक्टमधला. काळ्या नळीत एका टोकाला एलईडी, दुसऱ्या टोकाला एलडीआर बसवला की घरगुती सेल तयार. मूळ पट्टीची सर नाही, कारण एलईडी त्या पट्टीसारखा वागत नाही, पण शिकायला पुष्कळ झालं.

खरेदीची गंमत व्हॉल्व्हपासून सुरू होते. तापकीर गल्लीत 'ट्यूब' मागितली तर समोर ट्यूबलाइट येते. 'व्हॉल्व्ह' म्हणायचं, तेही पांढऱ्या मिशीच्या काकांना. पासोड्या विठोबाच्या आसपासच्या पार्ट्सच्या दुकानांत रेझिस्टर, एलडीआर, 630 व्होल्टचे फिल्म कपॅसिटर, डायोड सगळं मिळालं. व्हॉल्व्ह मात्र रविवारच्या जुन्या बाजारात, रेडिओच्या सांगाड्यांच्या ढिगात सापडले. दोन ईसीसी83, अमेरिकन नाव 12एएक्स7. काचेवर पुसट शिक्का बीईएलचा. आपल्याच बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले होते, हे मला त्या ढिगासमोर उकिडवं बसल्यावर कळलं. डिग्रीच्या तीन वर्षांत नाही. विकणाऱ्याने एक खूणही शिकवली. काचेला आतून चंदेरी आरशासारखा डाग असतो. तो चकाकत असेल तर आतली पोकळी शाबूत, पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. आम्ही हातात घेतलेल्या पहिल्या पाचांपैकी दोन पांढरे निघाले. त्याच ढिगातून जुने कपॅसिटर मात्र घेऊ नका, इलेक्ट्रोलिटिक वर्षानुवर्षं पडून वाळतात. ते नवेच घ्या. नवे व्हॉल्व्ह हवे असतील तर स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये अजून बनतात, फक्त कुरिअर आणि कस्टम्स धरून महिन्याच्या मेसला हात लागतो.

इथपर्यंत सगळं रोमँटिक आहे आणि रील इथेच संपतं. खरा विषय आहे पॉवर सप्लाय.

मोबाइल पाच व्होल्टवर चार्ज होतो, आर्डुइनोचंही तेवढ्यात भागतं. व्हॉल्व्हला दोन वेगळे सप्लाय लागतात. फिलामेंट तापवायला थोडे व्होल्ट, आणि प्लेटला 250 ते 300 व्होल्ट डीसी. असा ट्रान्सफॉर्मर आता तयार मिळत नाही, म्हणून हौशी लोक दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडतात. पहिला 230चे 12 करतो, दुसरा उलटा लावायचा, तो 12चे परत 230च्या आसपास नेतो. मधल्या 12 व्होल्टवर ईसीसी83चं फिलामेंटही चालतं, कारण ते 6.3 आणि 12.6 दोन्हीवर जोडता येतं. उलट्या ट्रान्सफॉर्मरमधून पूर्ण 230 येत नाहीत. लोडखाली 12 मिळावेत म्हणून बनवणारा सेकंडरीला थोडे जास्त वेढे देतो, उलटं जोडल्यावर तेच वेढे आपल्या विरोधात जातात. साधारण 200 एसी मिळतात, डायोड-कपॅसिटरनंतर 280च्या आसपास डीसी. आपल्याला तेवढेच हवे आहेत. 'मग भिंतीतल्या प्लगमधूनच डायोड लावून घेऊ की' असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातातली गन काढून घ्या. त्यात मेन्स आणि तुमच्यामध्ये काहीच उरत नाही.

आता मित्राच्या रूममध्ये काय झालं ते सांगते. पहिला ट्रान्सफॉर्मर मिळाला तो 12-0-12चा. मधली वायर आणि एक कडेची घ्यायची, तर त्याने कडेच्या दोन्ही घेतल्या. म्हणजे 24 व्होल्ट, ते दुसऱ्याच्या 12च्या वाइंडिंगला. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला, पलीकडे व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं आणि 450 व्होल्टच्या कपॅसिटरने काही क्षणांत हात टेकले. व्हॉल्व्ह अजून सॉकेटमध्ये नव्हते, म्हणून वाचले. फ्यूज नव्हता. मल्टिमीटर टेबलावरच पडला होता, लावला नव्हता. चूक त्याचीच आहे, आणि थोडी माझीही, कारण 'आज चालू करूनच झोपू' हे वाक्य माझं होतं.

नंतर आम्ही बुधवारातल्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडे तो काळवंडलेला ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो. त्यांनी एकच विचारलं, "सिरीजवर लावलं होतंस का?" सिरीज बोर्ड म्हणजे सप्लायच्या वाटेत साधा पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो आणि करंट अडवतो. त्यांच्याकडे शिकायला येणारा पोरगा पहिल्या आठवड्यात हे शिकतो. माझ्या इंजिनिअर मित्राने तिसऱ्या वर्षापर्यंत ते ऐकलंच नव्हतं!

आणि म्हणून त्या नोटिशीवर माझा आक्षेप आहे. गनच्या टोकाने बोट भाजेल. जीव घेऊ शकतो तो बंद केलेल्या डब्यातला कपॅसिटर, प्लग काढल्यानंतरही भरलेला. 100 मायक्रोफॅरडला 220 किलोओहमचा एक वॅटचा रेझिस्टर आडवा लावला तर 300 व्होल्टचे तिसाच्या खाली यायला पाऊण मिनिटाच्या वर लागतं. रेझिस्टरच नसेल तर कितीतरी वेळ ते तसेच थांबलेले असतात. 'होस्टेलला ट्रिप होणारं स्विच आहे की' हाही गैरसमज. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे बसलेला शॉक त्या स्विचला दिसतच नाही, कारण त्याच्या बाजूने गेलेला करंट तेवढाच परत येतो. नोटीस यातलं काहीच सांगत नाही. ती फक्त काम पलंगाखाली ढकलते. आधी दार उघडं ठेवून काम चालायचं, आता आतून कडी लागेल. एकट्याने करू नये अशी जी एकच गोष्ट आहे, ती नेमकी एकट्याने होणार.

त्याच कॅम्पसवर इलेक्ट्रॉनिक्सची लॅब आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, फ्यूज असलेले बेंच, मीटर, आणि सगळ्यात मोलाचे लॅब असिस्टंट काका, ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत. शनिवारी दुपारनंतर तिला कुलूप असतं. आमचं म्हणणं एवढंच, शनिवारी दोन तास ती उघडा. आधी सर्किट कागदावर दाखवायचं, मगच बेंच मिळेल. दोघांशिवाय प्रवेश नाही. पहिलं स्विच-ऑन सिरीज बोर्डवर. प्रत्येक मोठ्या कपॅसिटरला ब्लीडर. डब्यात हात घालण्याआधी मीटर, आणि हात एकच, दुसरा खिशात. थेट मेन्सवरच्या सर्किटला परवानगीच नाही.

विरोधात जे बोललं जातं ते मी ऐकलंय. जबाबदारी कोणाची? सुट्टीच्या दिवशी काकांनी का यावं? हा दुसरा प्रश्न बरोबर आहे, त्यांना त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. स्किलचे क्रेडिट द्यायला आपण निघालो आहोत, त्यातून एवढं निघायला हरकत नसावी. पहिल्याचं उत्तर असं की जबाबदारी आत्ताही कॉलेजचीच आहे. होस्टेल काय वेगळ्या गावात आहे?

काही जण विचारतात, प्लगइन असताना हा उद्योग कशाला. 'वॉर्म साउंड'च्या गप्पांवर माझा फार विश्वास नाही, डोळे मिटून ऐकवलं तर मीच फसेन. पण आवाज दाबला जाताना काळ्या नळीच्या फटीतून तो एलईडी लुकलुकताना पाहिला आणि 'रिलीज टाइम' म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं.

कॉम्प्रेसर सध्या मित्राच्या मामांच्या गॅरेजमध्ये आहे. दुसरा ट्रान्सफॉर्मर आला, फ्यूज आला, सिरीज बोर्ड काकांनी भेट दिला. आवाज येतो, मागे 100 हर्ट्झची बारीक गुणगुण आहे, बहुतेक अर्थिंगची तार चुकीच्या जागी आहे. लॅबसाठीच्या अर्जावर एकेचाळीस सह्या झाल्यात. तो सोमवारी एचओडी मॅडमच्या टेबलावर जातोय.