नावात रेल्वे, गावात नाही



धारणी तालुक्यात आपल्या एका गावाचे नाव आहे धूळघाट रेल्वे. सरकारी कागदावर आजही तेच नाव आहे. पण 1 जानेवारी 2017 पासून तिथे गाडी आलेली नाही. अकोला-खंडवा ही सुमारे 175 किलोमीटरची छोटी लाइन मोठी करायची म्हणून बंद केली. मोठी झाली का? अकोल्याहून अकोटपर्यंत झाली, 2022 च्या अखेरीस. पुढे आपले जंगल लागते, तिथे रूळ गवतात गेले.

ती गाडी धूळघाटला वेढा घेऊन स्वतःच्याच रुळावरच्या पुलावरून जायची. हळू चालायची. पण त्याच गाडीत आपण सोंगणीच्या कामाला जायचो. मोहाची टोपली, कोंबड्या, बाळंतीण, म्हातारी, सगळे एका डब्यात. तिकीट परवडायचे. आता जीपवाला सांगेल ते भाडे. कोंबडीचे वेगळे, टोपलीचे वेगळे. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे असले तर आधी पैसे मोजा, मग माणूस गाडीत घाला.

साहेब लोक म्हणतात, वाघासाठी केले. जुन्या लाइनचे जवळजवळ चाळीस किलोमीटर व्याघ्र प्रकल्पातून जातात, म्हणून नवी लाइन बाहेरून न्यायचे ठरले. आम्ही वाघाच्या विरोधात नाही. वाघ आपला देव आहे. मोठी, जोरात धावणारी गाडी जनावरं मारते हे आम्हालाही कळते. पण सांगा बरं, डांबरी रस्त्यावरचा ट्रक जनावर बघून थांबतो काय? आणि लाइन बाहेरून नेताना आतल्या गावांनी जायचे कशाने, हे कुणी विचारले? एका तरी ग्रामसभेत कुणी येऊन बसले?

पैसा नाही, असेही म्हणू नका. आपली गाडी बंद झाली तेव्हा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचे काम सुरूही झाले नव्हते. तो 701 किलोमीटरचा रस्ता 2025 मध्ये पूर्ण झाला. आपले 175 किलोमीटर अजून अर्धवट. ज्याच्याजवळ मोटार आहे त्याचे काम झटपट, ज्याच्याजवळ फक्त तिकिटाचे पैसे आहेत तो थांबून राहतो.

हे फक्त मेळघाटचे नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाचा बहुतेक माल रेल्वेने जायचा. आता शंभरातला 27 च्या आसपास. सरकारचीच रेल्वे योजना म्हणते, 2030 पर्यंत तो 45 करू. कागदावर रेल्वे, जमिनीवर रस्ता.

आणि रस्ता म्हटले की जमीन आली. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे गावाच्या सोयीचा रस्ता एक हेक्टरपेक्षा कमी जागेत, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे न तोडता आणि ग्रामसभेची शिफारस असली तरच होतो. असा रस्ता आम्हालाही पाहिजे. पण 2013 मध्ये दिल्लीच्या पर्यावरण खात्याने पत्रक काढून रस्ते, कालवे, वीजतारा अशा लांब कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. फक्त आदिम जमातींचे हक्क वगळले. कोरकूंचे नाव त्या यादीत नाही. म्हणजे गावाच्या छोट्या रस्त्याला आपली सही लागते, गावावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागत नाही! हा कुठला न्याय?

म्हणून येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तीन ठराव घ्यावेत :

1. आतल्या गावांपासून नव्या लाइनच्या सर्वात जवळच्या स्टेशनपर्यंत रोज एसटी पाहिजे, आणि ती गाडीच्या वेळेवर.
2. संमती विचारा की न विचारा, ग्रामसभेच्या ठरावाशिवाय जंगलातला कुठलाही रस्ता रुंद होणार नाही.
3. जुनी लाइन आणि स्टेशनच्या जागेचे पुढे काय करायचे, ते गावाला विचारूनच ठरेल.

ठराव बाया-माणसं सगळी असताना वाचून दाखवा, रजिस्टरवर सह्या-अंगठे घ्या, एक प्रत गावात ठेवा. तोंडी बोललेले साहेब विसरतो, कागद विसरत नाही.

रेल्वे आपल्या नावात आहे. ती आपल्या हक्कातही आहे, हे दाखवून देऊ.